भरती आणि भराव

कल्याण हे एकेकाळी नामांकित बंदर होतं, असं सांगितलं तर आजच्या कल्याणकराला ते खरं वाटत नाही. वसईच्या समुद्रापासून हे गाव चाळीसेक किलोमीटर आत. तरी इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवहीत ‘कॅलिएना’ म्हणून त्याची नोंद आहे. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे उल्लेख आहेत. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी ताब्यात आल्यावर शिवाजी महाराजांनी जहाजबांधणीला हात घातला, तोही याच खाडीच्या काठी. इतक्या आतलं बंदर चाललं ते भरतीच्या बळावर. दिवसातून दोनदा समुद्र स्वतःहून गावाच्या पायरीशी येत होता आणि दोनदा माघारी जात होता. गलबतांनी फक्त वेळ सांभाळायची.

भरती आजही येते. फक्त तिला पसरायला पूर्वी जी जागा होती, ती आता कुणाच्या तरी सातबाऱ्यावर, कुणाच्या चाळीखाली किंवा कुणाच्या डंपरच्या फेऱ्यांच्या हिशेबात गेली आहे. हे प्रकरण त्या जागेबद्दल आहे, आणि ती राखण्यासाठी धडपडणाऱ्या माणसांबद्दलही.

आधी नकाशा नीट पाहू. राजमाचीच्या परिसरात उगम पावलेली उल्हास नदी कर्जत, बदलापूर करत कल्याणला येते. तिथे काळू नदी तिला मिळते आणि पुढे नदीची खाडी होते. ही खाडी डोंबिवलीच्या मोठागावाला वळसा घालून दिवा, मुंब्रा, कळवा या गावांशेजारून ठाण्यापाशी पोचते. तिथून तिचा मोठा प्रवाह उत्तरेला बाळकुम, कोलशेत, नागला बंदर, गायमुख असा घोडबंदरकडे आणि पुढे वसईच्या समुद्राकडे जातो. दुसरा एक अरुंद फाटा ठाणे शहराला खेटून दक्षिणेला निघतो, रुंद होत जातो आणि सुमारे २६ किलोमीटरनंतर मुंबई बंदरात उतरतो. तीच ठाण्याची खाडी. म्हणजे ठाणे शहराला दोन्ही बाजूंनी भरती येते, उत्तरेकडून वसईची आणि दक्षिणेकडून मुंबईची. मधला जोड इतका चिंचोळा आहे की पाण्याबरोबर आलेला गाळ तिथे सहज बसतो. खाडीचे निम्मे प्रश्न या एका चिंचोळ्या जागेत सुरू होतात.

या पाण्याच्या कडेने तीन-चार प्रकारची जमीन असते आणि बोलताना आपण ती सगळी एकाच नावाखाली ढकलतो. सर्वांत खालची म्हणजे ओहोटीला उघडी पडणारी चिखलाची सपाटी. तिच्या वर खारफुटीचं बन. त्याच्याही वर, फक्त उधाणाच्या भरतीला भिजणारी खाजणं. आणि माणसाने बांध घालून केलेली मिठागरं व खारजमिनीची भातशेती. पाणथळींविषयीच्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराची व्याख्या या सगळ्याला पाणथळ म्हणते. ओहोटीच्या वेळी सहा मीटरपर्यंत खोल असलेलं समुद्राचं पाणीही तिच्यात येतं. भारताच्या २०१७ च्या पाणथळ नियमांनी मात्र मिठागरं त्यातून वगळली. हा फरक कागदी वाटेल, पण तो कागदी नाही. मुलुंड, भांडुप, कांजूरमार्गची सुमारे २५६ एकर मिठागराची जमीन धारावी पुनर्विकासातल्या घरांसाठी देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. व्याख्येतून एक शब्द गळला की जमिनीचं काय होऊ शकतं, ते इथे दिसतं.

चिखलाच्या सपाटीला कुणी वाली नसतो. ती सुंदर नाही, तिला वास येतो, तिच्यावर फोटो काढायला कुणी जात नाही. पण खाडीचं स्वयंपाकघर तेच आहे. ठाण्याच्या बांदोडकर महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्रज्ञांनी, विशेषतः डॉ. आर. पी. आठल्ये आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी, गेली अनेक दशकं या चिखलाचे नमुने चाळून त्यात कोण राहतं याची मोजदाद केली. वलयांकित किडे, बारीक शंख-शिंपले, खेकडे आणि त्यांच्यावर जगणारे मासे. मुंबईला लागून असलेल्या या खाडीबद्दल आपल्याला जे पक्कं ठाऊक आहे, त्यातलं बरंचसं एका स्थानिक कॉलेजच्या प्रयोगशाळेतून आलं आहे, ही गोष्ट ठाणेकरांनी जरा अभिमानाने सांगायला हरकत नाही. या अभ्यासांतून दिसलेलं चित्र मात्र उत्साहाचं नाही. गाळ वाढतो आहे, सांडपाणी वाढतं आहे, आणि प्रदूषण सोसणाऱ्या थोड्या जाती भरमसाट वाढून बाकीच्यांची जागा घेत आहेत. जिताडा, बोय, चिंबोरी, कोळंबी यांवर जगणारे कोळीवाडे एकेक करत मासेमारीतून बाहेर पडले. काही ठिकाणी निवटीची मासेमारी तेवढी टिकून राहिली. निवटी चिखलात बीळ करून राहते, हवेतही श्वास घेते. पाण्यात प्राणवायू उरला नाही तरी तिचं भागतं.

खारफुटीच्या बनातही असाच निवाडा झालेला आहे. ठाण्याच्या खाडीत बहुतांशी तिवरच दिसतो. त्याची पेन्सिलीसारखी मुळं चिखलातून वर डोकावतात आणि हवा घेतात. पानांवरच्या ग्रंथींतून तो जास्तीचं मीठ बाहेर टाकतो. घाण पाणी, खारेपणातले चढउतार, तेलाचा तवंग, सगळं सोसतो. कांदळासारखी नाजूक झाडं कमी झाली. वर उल्हासच्या बाजूला, जिथे गोडं पाणी अधिक मिसळतं, तिथे चिपी आणि काटेरी मारांडी दिसते. चिपीचीच एक जात असलेली पांढरी चिपी २०२० मध्ये महाराष्ट्राने राज्याचं कांदळवन वृक्ष म्हणून जाहीर केली. असं जाहीर करणारं हे देशातलं पहिलं राज्य.

आता एक कोडं. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांनुसार महाराष्ट्रातली खारफुटी २०१५ मध्ये २२२ चौरस किलोमीटर होती, २०१७ मध्ये ३०४ आणि २०१९ मध्ये ३२०. आकडे वाढत गेले. मग ओरड कसली?

वाढीची कारणं एकाहून अधिक आहेत. उपग्रहाची चित्रं पूर्वीपेक्षा बारीक झाली, त्यामुळे आधी न दिसलेली झुडपं मोजली गेली. २०१२ मध्ये वन विभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला आणि तोड काही प्रमाणात आटोक्यात आली. पण ठाण्याच्या खाडीपुरतं तिसरं कारणही आहे आणि ते आनंदाचं नाही. गाळ साचून चिखलाची सपाटी उंच होते, तिथे तिवराचं बी रुजतं आणि बन पाण्याच्या दिशेने सरकत जातं. मागच्या बाजूला डेब्रिजचा भराव आणि पुढच्या बाजूला पुढे सरकणारं बन, या दोहोंच्या मध्ये उघडा चिखल आक्रसत चालला आहे. रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांना नेमका तोच हवा असतो. ते झाडांत चरत नाहीत. उथळ पाण्यात, मोकळ्या चिखलावर चोच उलटी करून निळं-हिरवं शेवाळ गाळून खातात. म्हणजे हिरवा रंग वाढला म्हणून पाणथळ वाढली, असं धरून चालता येत नाही. मोजायचीच झाली तर पाण्याची ये-जा मोजावी. माझ्या मते खाडीच्या बाबतीत झाडांपेक्षा तीच खरी मोजणी आहे, आणि नेमकी तीच कुणी करत नाही.

रोहितांनी या खाडीला मान मिळवून दिला, हे मात्र खरं. १९९० च्या दशकात ते शिवडीला मोठ्या संख्येने दिसू लागले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जानेवारी २०१९ च्या मोजणीत त्यांचा आकडा १ लाख २० हजारांच्या घरात गेला. ऐरोली आणि वाशीच्या पुलांच्या दरम्यानचा पश्चिम काठ ऑगस्ट २०१५ मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला. क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर, त्यातलं ८९६ हेक्टर खारफुटीचं आणि बाकीचं पाण्याचं. २०२२ मध्ये अभयारण्य आणि त्याभोवतीचा संवेदनशील पट्टा मिळून ६,५२१ हेक्टरला रामसर दर्जा मिळाला. नांदूर मध्यमेश्वर आणि लोणार यांच्यानंतरचं हे महाराष्ट्रातलं तिसरं रामसर स्थळ. ऐरोलीला कांदळवन कक्षाचं केंद्र आहे, तिथून पर्यटक बोटीने रोहित बघायला जातात.

पण अभयारण्याची हद्द ऐरोली पुलाशी संपते. दिवा, मोठागाव, कल्याणचा दुर्गाडी या पट्ट्याला ना अभयारण्याचं कुंपण, ना रामसरचा फलक. तिथे गुलाबी थवे उतरत नाहीत, म्हणून कॅमेरेही फारसे पोचत नाहीत. वास्तविक भराव पडतो आहे तो मुख्यतः इकडेच.

खाजण मरतं कसं, याची रीत ठरलेली आहे. आधी एक कच्चा रस्ता होतो, त्यासाठी चार डंपर माती पडते. त्या मातीने एखादा छोटा ओढा, म्हणजे खाडीची शीर, बुजते. भरतीचं पाणी आत यायचं थांबतं. वर्ष-दोन वर्षांत तिवर आपोआप वाळतो, मग तो तोडायला कुणाची परवानगी लागत नाही, कारण तोडायला उरतच नाही. मग आणखी डेब्रिज. शहरात जुनी इमारत पाडली की तिचा राडारोडा कुठे तरी जायलाच हवा. तो टाकायला पैसे देऊन जागा शोधण्यापेक्षा रात्री खाडीत टाकणं स्वस्त. मग चाळी. चाळींना नळ येतो, वीज येते, मतदार यादी येते. तिथवर गोष्ट गेली की पाणथळ हा विषय संपतो आणि घरांचा विषय सुरू होतो, आणि त्या घरांत राहणाऱ्याने आयुष्याची पुंजी लावलेली असते. डोंबिवली पश्चिमेला देवीचा पाडा, गणेशनगर, कुंभारखाण पाडा या भागांत आणि दिव्याच्या कडेने ही साखळी स्थानिक लोकांनी डोळ्यांदेखत पाहिली आहे. तोडलेल्या झाडाची बातमी होते. बुजलेल्या शिरेची होत नाही.

दुसरा मारा पाण्यातून. डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूरच्या औद्योगिक वसाहती आणि उल्हासनगर, कल्याण-डोंबिवलीचं सांडपाणी उल्हास आणि वालधुनी या नद्यांत उतरतं. ‘वनशक्ती’ संस्थेने हा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापुढे नेला. लवादाने २०१५ मध्ये सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रं आणि महापालिका यांच्यावर मिळून ९५ कोटी रुपयांचा बोजा टाकला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. योगायोग असा, की त्याच वर्षी त्याच लवादाने उरणच्या पारंपरिक मच्छीमारांच्या दाव्यात १,६३० कुटुंबांना मिळून ९५ कोटी १९ लाखांची भरपाई द्यायला सांगितलं होतं. तो दावा बंदराच्या कामामुळे बुजलेल्या पाण्याचा होता आणि तो मच्छीमारांनी स्वतः चालवला. मासेमारी हा धंदा म्हणून संपला तरी हक्क म्हणून संपत नाही, ही गोष्ट त्या निकालाने कागदावर आली. कल्याणच्या बाजूला मोहन्याजवळ जलपर्णी आणि सांडपाण्याविरुद्ध कार्यकर्ते नदीच्या पात्रातच धरणं धरून बसले, तेव्हाही मागणी साधीच होती: नाले आधी अडवा, मग नदी सुशोभित करा.

तिसरा मारा रेतीचा. कल्याण, मोठागाव, मुंब्रा इथली रेतीबंदरं नावावरूनच कळतात. पूर्वी डुबी मारून, हातपाटीने रेती काढत. माणसाच्या दमाला मर्यादा होती म्हणून खाडीच्या खोदाईलाही होती. सक्शन पंप आले आणि ती मर्यादा गेली. तळ खोल झाला की काठ ढासळतो, आणि काठावरचं खारफुटीचं बन मुळांसकट पाण्यात जातं.

या सगळ्यात कायदा कुठे आहे? १९९१ पासून सागरी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना आहे, खारफुटी तिच्या सर्वांत कडक वर्गात आहे. तरी महाराष्ट्रातल्या खारफुटीला खरं संरक्षण मिळालं ते नागरिकांच्या याचिकेमुळे. ‘बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुप’ आणि देबी गोएंका यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये अंतरिम आदेश दिला: राज्यभर खारफुटीची तोड बंद, तिच्याभोवती ५० मीटरमध्ये बांधकाम आणि भराव बंद, सरकारी जमिनीवरची खारफुटी संरक्षित वन म्हणून जाहीर करा. अंतिम निकाल १७ सप्टेंबर २०१८ ला न्या. अभय ओक आणि न्या. रियाझ छागला यांच्या खंडपीठाने दिला. खारफुटीचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत अधिकारावर घाला आहे, असं त्यात म्हटलं आहे. जमीन खासगी मालकीची असली तरी तिथली खारफुटी वनच, हेही स्पष्ट झालं. आणि एक तरतूद मला सर्वांत महत्त्वाची वाटते: नष्ट झालेली खारफुटी पूर्ववत करणं हे सरकारचं कर्तव्य ठरलं. म्हणजे ‘आता झाडं उरलीच नाहीत, मग संरक्षण कशाचं’ हा बिल्डरांचा आवडता युक्तिवाद निकालात निघाला.

पाणथळींसाठी असाच लढा ‘वनशक्ती’ने २०१३ मध्ये वेगळ्या याचिकेने सुरू केला. २०१४ मध्ये न्यायालयाने पाणथळींवर भराव टाकायला मनाई केली. पुढे कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली तक्रारींसाठी समिती आली. इथून सामान्य माणसाचं काम सुरू होतं, आणि ते वाटतं त्यापेक्षा रुक्ष आहे.

नुसता ‘खारफुटी तोडली’ असा फोन करून काही हलत नाही. जागेचा सर्व्हे क्रमांक लागतो, अक्षांश-रेखांशासह फोटो लागतो, तारीख लागते. जुनं उपग्रह चित्र आणि नवं चित्र शेजारी ठेवावं लागतं. मग तहसीलदाराकडून तलाठ्याकडे कागद जातो, पंचनामा होतो, वन विभाग आणि महसूल विभाग जमीन नक्की कुणाची यावर पत्रव्यवहार करतात. तेवढ्यात पावसाळा येतो. टिकणारे कार्यकर्ते असतात ते या कंटाळ्याला न कंटाळणारे. बरेच जण मुळात पक्षीनिरीक्षक असतात. दर रविवारी त्याच काठावर जाणाऱ्याला मागच्या रविवारी नसलेला मातीचा ढीग लगेच दिसतो. भांडुपचे मच्छीमार कार्यकर्ते नंदकुमार पवार यांच्यासारखे लोक तर पाण्याची चाल लहानपणापासून ओळखतात. कुठली शीर कुठे बुजली, हे त्यांना उपग्रहाच्या आधी कळतं. ठाण्यातल्या पर्यावरण दक्षता मंडळाने ‘स्वच्छ खाडी अभियान’ चालवलं, विद्यार्थ्यांना आणि गृहसंकुलांतल्या रहिवाशांना खारफुटीच्या चिखलात उतरवलं.

खाडी सफाईबद्दल थोडं परखड बोलायला हवं. तिवराच्या श्वसनमुळांवर प्लास्टिक बसलं की झाड गुदमरतं, म्हणून ते काढणं उपयोगाचं आहे यात शंका नाही. पण नाल्याच्या तोंडाला जाळी नसेल तर पुढच्याच उधाणाला तेवढाच कचरा परत येतो. सफाईचा खरा फायदा मला दुसराच दिसतो. जो माणूस एकदा गुडघाभर चिखलात उभा राहून चपला, दुधाच्या पिशव्या आणि निर्माल्य उपसतो, तो पुढे सुनावणीला येतो. टी-शर्ट घालून झाडांसमोर फोटो काढणारा सहसा येत नाही.

शिक्षेचं म्हणाल तर पर्यावरण संरक्षण कायद्यात १९८६ पासून पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ती बहुतांशी काढून तिथे १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड ठेवला. ज्या जमिनीवर मजले चढणार आहेत तिच्या हिशेबात पंधरा लाख किती, याचं गणित डोंबिवलीतल्या कुठल्याही इस्टेट एजंटाला विचारावं.

राखण्याचं झालं. गेलेलं परत आणण्याचं काय? इथे आपल्याकडे सर्वांत आधी रोपं आठवतात. पावसाळा, खड्डा, मंत्रिमहोदय, रोप. श्रीलंकेत २००४ च्या त्सुनामीनंतर अशीच खारफुटी लावण्याची लाट आली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने २३ ठिकाणं तपासली, तेव्हा हजार-बाराशे हेक्टर लागवडीपैकी जेमतेम दोनशे हेक्टरच्या आसपास काही टिकलेलं दिसलं. रोपं चुकीच्या उंचीवर लावली होती. खारफुटीला भरतीचं पाणी हवं, पण बारा महिने चोवीस तास नको. काही वेळ मुळं उघडी राहायला हवीत. चिखलाच्या खालच्या सपाटीवर लावलेलं रोप बुडून मरतं, आणि जगलंच तर रोहितांचं ताट अडवून बसतं.

फ्लोरिडात रॉय लुईस नावाच्या जीवशास्त्रज्ञाने उलट वाट धरली. तिथल्या हॉलिवूड शहरातल्या वेस्ट लेक पार्कमध्ये जुन्या गाळउपशाचे ढीग टाकून खारफुटी मारली गेली होती. १९८० च्या दशकात त्याने ते ढीग काढून जमीन योग्य उंचीवर आणली, भरतीच्या वाटा परत कोरल्या आणि थांबला. बिया भरतीनेच आणल्या. बन आपोआप उभं राहिलं.

आपल्याकडे हे कुठल्याही परदेशी तज्ज्ञाशिवाय सिद्ध झालेलं आहे, फक्त आपण ते तसं वाचत नाही. कोकणात पिढ्यान् पिढ्या शेतकऱ्यांनी खाडीला बांध घालून, उघाड्या (पाण्याची दारं) बसवून खारजमिनी पिकवल्या. ओहोटीला उघाडी उघडायची, भरतीला मिटायची, बांधाला खांड पडली की गावाने मिळून बुजवायची. हे श्रम थांबले, बांधाची देखभाल कुणाची यावर गाव आणि सरकार यांच्यात टोलवाटोलवी झाली, आणि पेण-अलिबागच्या खारेपाटात कित्येक ठिकाणी बांध फुटून समुद्र भातशेतात आला. काही वर्षांत तिथे एकही रोप न लावता खारफुटी माजली. शेतकरी म्हणतो, माझं शेत गेलं. वन विभाग म्हणतो, आता हे वन. दोघंही खरं बोलतात, आणि पाणथळीच्या चळवळीने या शेतकऱ्याला टाळून चालणार नाही. खारफुटीतून कमाईच्या वाटा आहेत. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचत गटाच्या बायका पर्यटकांना होडीतून खारफुटी दाखवतात. कांदळवन कक्षाच्या २०१७ च्या उपजीविका योजनेत खेकडापालन, कालवपालन आहे. पण हे सगळं स्वच्छ पाण्याच्या खाड्यांत. दिव्याच्या पाण्यात कालवं वाढवून ती कुणी खायची?

नवी मुंबईत नेरूळच्या डीपीएस तलावाने २०२४ मध्ये पाण्याचा धडा पुन्हा दिला. खाडीतून तलावात पाणी येण्याच्या वाटा बंद झाल्या, तलाव सुकत गेला, रोहित मेले. नागरिकांनी निदर्शनं केली, तक्रारी केल्या, समिती बसली. मागणी एकही झाड लावण्याची नव्हती. मोऱ्या उघडा, एवढीच होती.

उल्हासच्या काठावर हा प्रश्न पुराचाही आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला ते सर्वांना आठवतं, पण त्याच दिवशी उल्हासने कल्याण-बदलापूरची दैना केली होती. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकून हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. वरून पूर आणि खालून भरती एकाच वेळी आली की नदीचं पाणी समुद्रात उतरू शकत नाही. त्याला सहा तास कुठे तरी थांबावं लागतं. पूर्वी ते खाजणात थांबायचं. आता तळमजल्यावर थांबतं.  

पुढची भरणी डंपरने रात्री येणारी नसेल, ती मंजूर नकाशासह दिवसा येईल. बुलेट ट्रेनच्या मार्गासाठी आधी ५३ हजारांवर खारफुटीची झाडं जाणार होती. ठाणे स्थानकाच्या आराखड्यात बदल झाले, खाडीखालून सुमारे सात किलोमीटर बोगदा ठरला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने परवानगी दिली तेव्हा आकडा सुमारे २२ हजारांवर आला होता. एका झाडाच्या बदल्यात पाच लावण्याचं आश्वासन त्यासोबत आहेच. पण निम्म्याहून जास्त झाडं वाचली ती या आश्वासनाने नाही, ड्रॉइंग बदलल्याने.

बाळकुम ते गायमुख सुमारे १३ किलोमीटरचा खाडीकिनारी रस्ता हे ठाण्यातलं पुढचं ड्रॉइंग. सुनावणीत लोक विचारतात ते झाडांबद्दल, आणि अधिकाऱ्यांकडे त्याचं उत्तर तयार असतं: अमुक कापू, तमुक लावू. विचारायला हवं ते वेगळं आहे. रस्ता कुठे खांबांवर आहे आणि कुठे भरावावर? भरावात मोऱ्या किती, त्यांची रुंदी किती, आणि त्यांचा तळ ओहोटीच्या पातळीशी जुळतो की त्याच्या वर राहतो? कोलशेत आणि बाळकुमच्या कोळ्यांनी दाखवलेल्या शिरा त्या नकाशावर आहेत का? दहा वर्षांनी मोरी गाळाने भरली तर ती साफ करायची कुणी, महापालिकेने की मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए), आणि त्यासाठीचे पैसे कोणत्या शीर्षाखाली?